बोटीचं दुसरं बारसं

चैत्र शुद्ध सप्तमीला एकवीरेची पालखी निघते. त्या दिवशी मावळातल्या वेहेरगावच्या पायऱ्यांवर उभं राहून नुसता कान दिला, तरी आपण घाटावर आहोत याचा विसर पडतो. वेसावा, वरळी, माहीम, मढ, उरण, अलिबाग, रेवदंडा अशी गावं बोलण्यात येत असतात. अंबाड्यात फुलांची वेणी माळलेल्या बायका आणि खांद्यावर मुलं घेतलेले पुरुष ढोल-ताशाच्या तालावर डोंगर चढतात. लोणावळ्याहून कार्ला फाटा जेमतेम दहा-बारा किलोमीटर. समुद्र मात्र सह्याद्रीच्या पलीकडे, बोरघाट उतरून बराच पुढे. तरीही किनाऱ्यावरच्या कोळ्यांची आई इथे, कार्ल्याच्या लेण्याच्या दारात बसलेली आहे.

मला यात नवल वाटत नाही. कल्याण आणि सोपारा या बंदरांतून माल घाटावर यायचा तो याही वाटेने. कार्ला, भाजे आणि बेडसे ही लेणी त्या वाटेवरच कोरलेली आहेत. कार्ल्याच्या चैत्यगृहात ज्या दात्यांची नावं कोरलेली आहेत, त्यांत सोपाऱ्याचा माणूस आहे, वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल आहे आणि धेनुकाकटाचे यवनही आहेत. या लेण्याला दान देणाऱ्या उषवदाताने दमण, तापी, डहाणू अशा नद्यांवर लोकांना फुकट पार करणाऱ्या होड्या ठेवल्या होत्या. ही नोंद नाशिकच्या लेण्यात सापडते. पाण्यावरच्या माणसांचा आणि या डोंगराचा संबंध किमान दोन हजार वर्षांचा आहे. त्यामुळे ससून डॉकवर किंवा भाऊच्या धक्क्यावर लागलेल्या बोटींवर ‘आई एकवीरा’, ‘एकवीरा प्रसन्न’, ‘एकवीरा माऊली’ अशी नावं ठळक अक्षरांत दिसतात, तेव्हा ती मावळातून गेलेली नावं आहेत हे लक्षात ठेवायला हवं.

एक प्रश्न माझ्या मनात बरीच वर्षं आहे. जुन्या बोटींची खरेदी-विक्री होते. नवा नाखवा वेगळ्या गावचा, वेगळ्या कुलदैवताचा असतो. मग आधीच्या मालकाच्या देवीचं नाव पुसून तिथे आपल्या देवीचं नाव घालायचं का? घातलं तर देवी रागावते का?

पाश्चात्त्य दर्यावर्दी याचं उत्तर फार ठामपणे देतात. जहाजाचं नाव बदलू नये. जन्मलेल्या प्रत्येक जहाजाचं नाव समुद्रदेवाच्या वहीत लिहिलेलं असतं, आणि त्याला न विचारता ते बदललं तर तो सूड घेतो, अशी त्यांची समजूत. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनच्या ‘ट्रेझर आयलंड’ या १८८३च्या कादंबरीत लाँग जॉन सिल्व्हर नावाचा खलाशी रॉबर्ट्सच्या लोकांच्या दुर्दशेचा दोष जहाजांची नावं बदलण्यालाच देतो. खरोखरचा बार्थोलोम्यू रॉबर्ट्स हा चाचा पकडलेल्या एकामागून एक जहाजांना ‘रॉयल फॉर्च्युन’ हेच नाव देत असे. १७२२च्या फेब्रुवारीत तो लढाईत मारला गेला. समजूत पक्की व्हायला एवढं पुरे होतं.

मात्र समजूत असली की तोडगाही असतो. शिडाच्या बोटी हौसेने चालवणाऱ्यांत आज जो विधी रूढ आहे, त्याचा एक प्रसिद्ध पाठ जॉन व्हिगर या नौकानयन-लेखकाने तयार केला. आधी बोटीवरची जुन्या नावाची प्रत्येक खूण काढायची. नोंदवही, तरंगणारी जीवरक्षक कडी, किल्लीला लावलेला बिल्ला, टॉवेलावर भरलेली अक्षरंसुद्धा. मग समुद्रदेवाला विनवायचं की हे नाव तुझ्या वहीतून खोड. शॅम्पेन पाण्यात ओतायची. काही जण चारी दिशांच्या वाऱ्यांना त्यांच्या ग्रीक नावांनी हाक मारून त्यांचाही वाटा देतात. धुऊन जाईल अशा शाईने जुनं नाव धातूच्या पट्टीवर लिहून ती नाळेवरून पाण्यात सोडण्याचीही रीत आहे. नवं नाव त्यानंतर. तोवर ते उघड्यावर लिहायचं नाही आणि मोठ्याने उच्चारायचंही नाही.

हे सगळं वाचताना हसू येण्यासारखं असलं तरी मी हसत नाही, कारण या विधीत शहाणपण आहे. बोट बुडाली आणि पाण्यावर तरंगणाऱ्या कडीवर जुनंच नाव असलं, तर शोधणारे भलत्याच बोटीचा माग काढत बसतील. वायरलेसवर मदतीची हाक देताना ‘मेडे’ तीनदा म्हणायचं आणि लगेच बोटीचं नाव तीनदा सांगायचं, हा जगभराचा नियम आहे. पाणी आत शिरत असताना तांडेलाच्या तोंडून सवयीने जुनं नाव निघालं, तर तटरक्षक दलाच्या यादीत त्या नावाची बोट सापडणारच नाही. प्रत्येक खूण काढण्याचा आग्रह आणि सगळ्यांसमक्ष नवं नाव घोषित करण्याची सक्ती, या दोन गोष्टींनी विधी माणसांची जीभ नव्या नावावर वळवतो. देव ऐको न ऐको, शेजारच्या बोटीने ते ऐकलेलं असतं.

नाव बदलण्याच्या भीतीला आणखी एक मूळ आहे, आणि ते कचेरीत सापडतं. ज्या जहाजावर कर्ज आहे, ज्याच्या खलाशांचे पगार थकले आहेत, जे एकदा खडकावर आदळून डागडुजी करून विकलेलं आहे, त्याचं नाव बदलायला लबाड मालक नेहमीच उत्सुक असतो. कुजलेल्या सांगाड्यावर नवं नाव रंगवलं की विमा उतरवणाराही फसतो आणि त्यावर चढणारा खलाशीही. बदललेल्या नावाचं जहाज अशुभ, हा खलाशांचा अनुभव पुष्कळदा खरा ठरत असणार, कारण ते नाव लपवालपवीसाठी बदललेलं असे. म्हणून १८९४च्या ब्रिटिश व्यापारी नौवहन कायद्याने सरकारच्या परवानगीशिवाय नोंदलेल्या जहाजाचं नाव बदलायला बंदी केली. भारताच्या १९५८च्या कायद्यानेही तेच तत्त्व पुढे चालवलं. आज मोठ्या जहाजांना आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या योजनेतला सात आकडी क्रमांक असतो. नाव बदला, मालक बदला, झेंडा बदला, जहाज भंगारात जाईपर्यंत क्रमांक तोच राहतो. समुद्रदेवाची वही अशी माणसांनी स्वतः लिहायला घेतली.

आपल्याकडे या वहीची गरज फार कठोर रीतीने कळली. २००८च्या नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला करणारे दहा जण पोरबंदरची ‘कुबेर’ ही मासेमारी बोट बळकावून तिच्यावरूनच मुंबईजवळ आले. बोटीवरच्या माणसांना त्यांनी मारलं. त्यानंतर मासेमारी बोटींची नोंदणी, त्यांच्यावरचे क्रमांक, राज्यागणिक रंग आणि खलाशांची ओळखपत्रं यांची तपासणी कडक झाली. आता नोंदणी ऑनलाइन होते. बोट विकली की कागद बदलावे लागतात, आणि डिझेलच्या परताव्यापासून कर्जापर्यंत सगळं त्याच कागदांवर अवलंबून असतं. आज एखाद्या नाखव्याने नुसत्या ब्रशने बोटीचं नाव बदललं, तर देवीच्या आधी गस्ती नौका त्याला विचारायला येईल.

पण या भीतीने मराठी मनात घर का केलं नसावं, हा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. नाव बदलणं ही आपल्याकडे संरक्षणाची युक्ती आहे. मुलं जगत नसलेल्या घरात पुढच्या बाळाला दगडू, धोंडू किंवा केरू म्हणायची पद्धत महाराष्ट्राच्या गावागावांत होती. सटवाईने कपाळी काय लिहिलंय ते लिहो, निदान नजर तरी चुकावी, एवढीच त्यामागची आईची धडपड. साहेबाचा खलाशी समुद्रदेवाच्या वहीतल्या नावाला हात लावायला घाबरतो. आपल्याकडची माय मात्र वहीत मुद्दाम वेगळंच नाव घालते आणि मूल वाचवू बघते.

आणि नाव बदलण्याचा विधी तर आपल्या घरोघरी होता, काही घरांत अजूनही आहे. लग्न होऊन आलेल्या मुलीपुढे ताट ठेवतात, त्यात तांदूळ पसरतात आणि नवरा सोन्याच्या अंगठीने तिचं नवं नाव त्या तांदळात लिहितो. वीस-बावीस वर्षं जे नाव ऐकून ती वळून बघायची, ते एका संध्याकाळी संपतं. बोटीसाठी जुन्या नावाची क्षमा मागणारे, वाऱ्यांची मनधरणी करणारे विधी जगाने रचले. मुलीच्या जुन्या नावाची क्षमा कुणी मागितल्याचं मी ऐकलेलं नाही. ज्यांचं जुनं नाव माहेरच्या एखाद्या वृद्ध आत्याशिवाय कुणाच्याच ओठांवर उरलं नाही, अशा बायका माझ्या आधीच्या पिढीत होत्या. म्हणून नाव बदलण्याच्या प्रश्नात मला शुभाशुभापेक्षा पुसलं जाण्याची चिंता जास्त वाटते.

लोक कधी कधी स्वतःच जहाजाचं नाव बदलतात, मालकाला न विचारता. १८८५च्या सुमारास स्कॉटलंडमध्ये बांधलेली ‘वैतरणा’ ही आगबोट कच्छच्या मांडवीहून मुंबईला उतारू आणायची. तिच्यावर विजेचे दिवे होते, त्यामुळे लोक तिला ‘वीजळी’ म्हणू लागले. ८ नोव्हेंबर १८८८ रोजी सौराष्ट्राच्या किनाऱ्यालगत ती वादळात सापडली आणि नाहीशी झाली. सातशेहून अधिक माणसं गेली. अवशेष मिळाले नाहीत. गुजरातेत तिच्यावर गाणी झाली आणि त्यांत ती वीजळीच आहे. मूळ नाव त्र्यंबकेश्वराजवळ उगम पावणाऱ्या आपल्या नदीचं, आणि मेल्यावर ओलांडायच्या पौराणिक नदीचंही तेच. हे समजल्यावर अंगावर काटा येतो. बोटीचं नाव वैतरणा ठेवल्यावर दुसरं काय होणार, असं म्हणायचा मोह होतो. पण पुढे चौकशी झाली तेव्हा मुद्दा निघाला तो तसल्या वादळाला तोंड द्यायला लागणाऱ्या साधनांचा. जीवरक्षक होड्या आणि जॅकेटं पुरेशी नव्हती.

ज्यांना नावातच कारण शोधायचं आहे, त्यांनी १७ जुलै १९४७चा दिवसही डोळ्यांसमोर आणावा. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काश्याच्या खडकाजवळ बुडाली. दीप अमावास्येचा दिवस होता आणि सणाला घरी जाणाऱ्यांची बोटीवर गर्दी होती. सहाशेहून अधिक बळी गेले. कोकणातल्या कित्येक गावांत त्या दिवशी एकेका घरातली दोन-तीन माणसं गेली. समर्थांचं नाव बोटीवर होतं. त्याहून शुभ नाव मराठी माणसाला कुठलं सुचणार? बोट बुडाल्याची बातमी मुंबईला तासनतास कळली नाही, कारण ती सांगायला बोटीवर बिनतारी यंत्रच नव्हतं.

आता पुन्हा मावळात येऊ, कारण नाव बदलूनही सुखरूप राहिलेलं एक ‘जहाज’ लोणावळ्यालाच आहे आणि ते कधी पाण्यात गेलं नाही. भुशी धरणाच्या पुढे आय.एन.एस. शिवाजी हे नौदलाचं अभियांत्रिकी प्रशिक्षण केंद्र आहे. १५ फेब्रुवारी १९४५ रोजी ते एच.एम.आय.एस. शिवाजी म्हणून सुरू झालं, म्हणजे ब्रिटनच्या राजाचं हिंदी जहाज. नौदलाच्या रीतीने जमिनीवरच्या तळालाही जहाजाचंच नाव मिळतं, तिथेही क्वार्टरडेक असतो आणि बाहेर पडणाराही ‘किनाऱ्यावर’ जातो. स्वराज्याचं आरमार उभारणाऱ्या राजाच्या नावामागे परक्या राजाची ती मोहोर पाच वर्षं राहिली. २६ जानेवारी १९५० रोजी ती उतरली आणि भारताच्या साऱ्या युद्धनौकांचं, तळांचं नाव एकाच दिवशी बदललं. त्याआधी १९४६च्या उठावात मुंबईच्या नाविकांनी आपल्या दलाला भारतीय राष्ट्रीय नौदल म्हटलं होतंच. कागदाला ते मानायला चार वर्षं लागली.

या लोणावळ्याच्या केंद्रात पिढ्यान्पिढ्या जे इंजिनखोलीचं काम शिकले, त्यांतल्या अनेकांनी नोकरी केली ती नाव बदललेल्या जहाजांवर. पहिली विक्रांत मूळची ब्रिटिश हर्क्युलिस. विक्रमादित्य आधी बाकू होती, मग ॲडमिरल गोर्शकोव्ह झाली आणि २०१३ साली आपल्याकडे आली. विराटची कथा सर्वांत बोलकी. १९४४ साली तिचा पाया घातला तेव्हा तिचं नाव एलिफंट होतं. दुसऱ्याच वर्षी ते हर्मिस झालं. त्या नावाने ती फॉकलंडच्या युद्धात लढली आणि मग १२ मे १९८७ रोजी विराट म्हणून भारताच्या नौदलात आली. ६ मार्च २०१७ला निवृत्त होईपर्यंत ती चालत राहिली. इतकी वर्षं सेवा केलेली दुसरी विमानवाहू नौका जगात नाही. समुद्रदेवाच्या वहीत तिच्या नावावर दोनदा खाडाखोड झाली होती. उलट आय.एन.एस. खुकरी भारतासाठीच बांधलेली, तिचं नाव पहिल्यापासून तेच, आणि ९ डिसेंबर १९७१च्या रात्री पाकिस्तानी पाणबुडीच्या टॉर्पेडोने ती दीवजवळ बुडाली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला आपल्या जहाजाबरोबर गेले. त्या मरणाचं कारण नावात शोधणं हा त्या माणसांचा अपमान होईल.

नवी युद्धनौका पाण्यात सोडताना आपलं नौदल अथर्ववेदातले मंत्र म्हणतं आणि नाळेवर नारळ फोडतं. नारळ फोडण्याचा मान एखाद्या स्त्रीचा असतो. नारळी पौर्णिमेला कोळीवाड्यात जे होतं त्याचंच हे सरकारी रूप. हळदी-कुंकू, फुलं, पताका आणि दर्याला सोनेरी कागदाने सजवलेला नारळ. एवढ्या गोष्टींत मला कुठे भीती दिसत नाही. दिसते ती विनवणी.

मुंबईच्या गोदीत हीच गोष्ट पारशी रीतीने व्हायची. वाडियांच्या हाताखाली जहाजाचा कणा बसवताना त्यात चांदीचा खिळा ठोकत. जमशेदजी बमनजी वाडियांनी बांधलेली ‘त्रिंकोमाली’ ही ब्रिटिश नौदलाची शिडाची युद्धनौका १२ ऑक्टोबर १८१७ रोजी मुंबईत पाण्यात उतरली. तिचा जन्मच अडखळत झाला होता. तिचे नकाशे घेऊन निघालेलं जावा हे जहाज १८१२ साली ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकी जहाजाने पकडून जाळलं, आणि नकाशे पुन्हा मागवावे लागले. इंग्लंडात ओक लाकडाचा तुटवडा पडलेला. मलबारच्या सागवानाने तो भरून काढला.

पुढे ऐंशी वर्षांनी ती भंगारात निघाली तेव्हा जॉर्ज व्हीटली कॉब नावाच्या धनिकाने ती विकत घेतली. त्याच्याकडे आधी नेल्सनचं जुनं फूड्रॉयां हे जहाज होतं. ते १८९७च्या जूनमधल्या वादळात ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर आपटून फुटलं. कॉबने मुंबईच्या जहाजाला त्या फुटलेल्या जहाजाचंच नाव दिलं. दर्यावर्दींच्या समजुतीप्रमाणे याहून वाईट काही करता येणार नाही. नाव बदललं, आणि बदलून ठेवलं तेही वादळात गेलेल्याचं. पण हे सागवानी जहाज फूड्रॉयां या नावाने जवळपास नव्वद वर्षं सुखरूप राहिलं. त्याच्यावर मुलांना समुद्राचे धडे दिले गेले. मग ते हार्टलपूलला आणून दुरुस्तीला घेतलं, आणि १९९२ साली त्याला त्रिंकोमाली हे मूळ नाव परत मिळालं. आज ते पाण्यावर तरंगणारं सर्वांत जुनं ब्रिटिश लढाऊ जहाज आहे. मुंबईच्या सुतारांचं काम तिथे जाऊन हाताने चाचपता येतं. मला या गोष्टीत सर्वांत मोठं वाटतं ते हे, की नव्वद वर्षं दुसऱ्या नावाने राहूनही तिचं मूळ नाव कुणीतरी कागदांत सांभाळून ठेवलं होतं. म्हणून तर ते परत देता आलं.

शिडाच्या बोटींचा विषय निघालाच आहे तर गोव्याच्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात बांधलेल्या म्हादेईचं नाव घ्यायलाच हवं. २००९ साली ती नौदलात आली. दिलीप दोंदे तिच्यावरून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून मे २०१०मध्ये मुंबईला परतले. म्हादेई हे मांडवी नदीचं मूळ नाव. सत्तरी-सांग्याच्या बाजूला होडीत उभ्या असलेल्या देवीच्या जुन्या दगडी मूर्ती सापडतात, तिचंही नाव तेच आहे. तिच्या पाठोपाठ २०१७ साली बांधलेल्या तारिणीचं नाव ओडिशाच्या तारा-तारिणीवरून आलं. पूर्वी कलिंगाचे व्यापारी समुद्रावर निघताना तिची पूजा करत. फायबरग्लासची बोट, उपग्रहाने रस्ता दाखवणारी यंत्रं, आणि नाव मात्र थेट खलाशांच्या देवीचं. एकवीरेचं नाव बोटीवर घालणारा नाखवा आणि हे दर्यावर्दी यांच्यात मला काही अंतर दिसत नाही.

मग जुनी बोट घेतलेल्या नाखव्याने काय करावं? माझं म्हणणं स्पष्ट आहे. नाव बदलायला हरकत नाही. आईच्या दारात जाऊन तिला सांगावं, नारळ फोडावा, वाडीला जेवू घालावं आणि चारचौघांसमोर नवं नाव मोठ्याने घ्यावं. त्याआधी कचेरीतले कागद, वायरलेस आणि जीवरक्षक कडी यांच्यावरचं नाव बदललेलं असावं. आधीच्या मालकाच्या खलाशांचं देणं राहिलं असेल तर तेही चुकतं व्हावं.

आणि जुनं नाव टाकून देऊ नये. कित्येक कोळीवाड्यांत मच्छिमारांची सहकारी संस्था आहे. बोटीचं आताचं नाव, त्याआधीचं, त्याच्याही आधीचं, ती कुठल्या बंदरात कुणी बांधली, शिडावर चालायची तेव्हा तिला काय म्हणत, हे सांगणारी माणसं आज सत्तरी-ऐंशीत आहेत. लाकडी बोटी झपाट्याने जात आहेत आणि त्यांच्याबरोबर ही नावंही. ती उतरवून घ्यायला एक वही पुरते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, बोटी किनाऱ्यावर शाकारलेल्या असतात, आणि म्हाताऱ्या तांडेलांना बोलायला वेळ असतो.